कॅप आणि व्हेनियरवरचे डाग: आधी डाग कुठल्या थरात आहे ते पाहा

प्रश्न असा आहे: 'वरच्या पुढच्या चार दातांपैकी मधल्या दोन दातांवर सिरॅमिकच्या कॅप आहेत आणि त्यांच्या बाजूच्या दोन दातांवर व्हेनियर. दहा वर्षं होत आली. आता कडेने तपकिरी रेष दिसते, पूर्वीची चमक गेली आहे आणि डावीकडचं व्हेनियर बाकीच्यांपेक्षा काळपट वाटतं. ब्लीचिंग केलं तर उजळतील का, की सगळं बदलावं लागेल? घरच्या घरी काही करता येईल का?'

तुमच्या एका प्रश्नात तीन तक्रारी आहेत: कडेची रेष, गेलेली चमक आणि एका व्हेनियरचा (दाताच्या फक्त पुढच्या बाजूला चिकटवलेल्या पातळ पापुद्र्याचा) काळपटपणा. आरशात तिन्ही गोष्टी 'डाग' म्हणूनच दिसतात, पण तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे. म्हणून तपासणी न करताच कुणी 'चारही बदलून टाकू' असं सांगितलं, तर जरा थांबा. बदलणं हा शेवटचा उपाय आहे. जुनी कॅप कापून काढताना आतल्या खऱ्या दाताचा थोडा भाग दर वेळी जातो आणि तो परत येत नाही. शेवटी टिकवायचा आहे तो आतला दात.

ब्लीचिंगचा प्रश्न आधी संपवू. ब्लीचिंगच्या जेलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड असतं. ते एनॅमलमधून, म्हणजे दाताच्या बाहेरच्या टणक आवरणातून, आत झिरपतं आणि तिथे साठलेल्या रंगीत सेंद्रिय पदार्थांचे रेणू फोडतं, म्हणून दात उजळतो. पोर्सलिनमध्ये, म्हणजे तुमच्या कॅप-व्हेनियरच्या सिरॅमिकमध्ये, हे होऊच शकत नाही. ते भट्टीत भाजलेलं असतं, त्याचा रंग धातूंच्या ऑक्साइडांमुळे आलेला असतो आणि पेरॉक्साइडचा त्या रंगावर काही परिणाम होत नाही. तुम्ही आज ब्लीचिंग केलंत तर सुळे आणि खालचे दात उजळतील आणि हे चार आहेत तसेच राहतील. म्हणजे आज जेवढा फरक दिसतो, तो वाढेल. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच लोकांच्या बाबतीत नेमकं हेच झालेलं असतं: बाहेरून ब्लीचिंग किट आणून वापरलं आणि मग 'कॅप पिवळ्या पडल्या' म्हणून आले. कॅपचा रंग बदललेला नसतो, आजूबाजूचे दात बदललेले असतात. वयाप्रमाणे याच्या उलटही घडतं. खरे दात हळूहळू पिवळसर होत जातात, कॅप होती तशीच राहते आणि मग ती विनाकारण पांढरी वाटू लागते.

आता चमक. चांगल्या पोर्सलिनच्या पृष्ठभागावर ग्लेझचा एक पातळ, काचेसारखा थर असतो. चिनी मातीच्या कपात रोज चहा पितो, तरी कप विसळला की स्वच्छ होतो. पण त्याच कपाला जिथे टवका उडालेला असतो, तिथे तपकिरी डाग कायमचा बसतो. कॅपचंही तसंच आहे. ग्लेझ शाबूत असेपर्यंत चहा, हळद, तंबाखू काही आत जात नाही. ग्लेझ गेलं की खालचा खरखरीत पृष्ठभाग उघडा पडतो आणि त्या खरखरीत पृष्ठभागात प्लाक (जंतूंचा चिकट थर) आणि रंग अडकतात.

ग्लेझ जातं कसं? सगळ्यात नेहमीचं कारण दवाखान्यातच घडलेलं असतं. कॅप बसवताना चावा उंच लागतो, म्हणून डायमंड बरने (हिऱ्याची पूड लावलेल्या, फिरणाऱ्या हत्याराने) थोडी घासली जाते. घासल्यावर ती जागा नीट पॉलिश करायला हवी, आणि घाईत तेच राहून जातं. दुसरं कारण फ्लोराइड. दात किडू नयेत म्हणून दवाखान्यात लावलं जाणारं १.२३ टक्के अॅसिड्युलेटेड फॉस्फेट फ्लोराइडचं जेल आम्लयुक्त असतं आणि ते पोर्सलिनचा पृष्ठभाग खातं. तोंडात पोर्सलिन असेल तर न्यूट्रल सोडियम फ्लोराइड किंवा फ्लोराइड व्हार्निश मागा; डॉक्टरांना हे आपण होऊन सांगितलेलं बरं, कारण चांगल्या कॅप पटकन ओळखू येत नाहीत. तिसरं कारण स्केलिंगचं, म्हणजे किटण काढायचं, मशीन. अल्ट्रासॉनिक टिप पोर्सलिनवरून फिरली तर ओरखडे पडतात आणि कधी कधी टिपच्या धातूची करडी रेघ उमटते. ती रेघ पाहून लोक घाबरतात, पण ती पॉलिशिंगने निघते. चौथं कारण घरातलं: कोळशाची पावडर, लाल मंजन, राखुंडी, बेकिंग सोडा.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवायला हवी. कॅपचा हुबेहूब दातासारखा दिसणारा रंग काही वेळा पोर्सलिनच्या पोटात नसतो, लॅबने वरून रंगवून भट्टीत पक्का केलेला असतो. मानेजवळचा किंचित पिवळेपणा, कडेची निळसर पारदर्शक झाक, बारीक रेषा हे सगळं त्या वरच्या थरात असतं. वर्षानुवर्षं जोरात ब्रश केला की हा थर विरत जातो आणि कॅप 'एकरंगी' दिसू लागते. याला पॉलिशिंग हा उपाय नाही. उलट जास्त पॉलिश केलं तर उरलेला रंगही जाईल. म्हणून पॉलिशिंगच्या आधी कॅप ओली आणि कोरडी अशी दोन्ही प्रकारे बघावी लागते. कोरडी केल्यावर निस्तेज, पांढुरकी दिसते आणि ओली केल्यावर जवळजवळ पूर्वीसारखी दिसते, असं असेल तर पृष्ठभाग खरखरीत झालेला आहे आणि पॉलिशिंगने फरक पडेल. ओली असतानाही तशीच फिकी, सपाट दिसत असेल तर वरचा रंग गेलेला आहे.

पॉलिशिंग म्हणजे नेहमीची 'दात साफ करण्याची' पेस्ट नव्हे, हेही स्पष्ट करतो. जाड प्युमिसने (खरखरीत दगडाच्या पुडीने) पोर्सलिन आणखी खरवडलं जातं. पोर्सलिनसाठी हिऱ्याची पूड घातलेले सिलिकॉनचे रबर पॉइंट येतात: जाड, मध्यम आणि बारीक. मी आधी किटण हाताच्या हत्यारांनी काढतो, कडेजवळ मशीनची टिप नेत नाही. मग जाड रबर, हलक्या दाबाने, पाण्यासह, एका जागी न थांबता. एका जागी थांबलं की उष्णता वाढते, आणि आतला दात जिवंत असेल तर त्याला ते सोसत नाही. प्रत्येक टप्प्यानंतर पाण्याने धुऊन, हवेने कोरडं करून भिंगातून बघायचं. आधीच्या टप्प्याचे ओरखडे दिसेनासे झाले तरच पुढचा रबर घ्यायचा. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. जाड रबराचे ओरखडे राहिले तर वर कितीही बारीक पेस्ट लावा, चमक येत नाही. शेवटी फेल्ट व्हील किंवा मऊ ब्रशवर डायमंड पेस्ट. नीट केलेलं पॉलिशिंग ग्लेझच्या जवळ जातं. झिरकोनियाच्या (एका फार टणक सिरॅमिकच्या) कॅपसाठी रबर पॉइंट वेगळे असतात आणि तिथे पॉलिशिंग नुसत्या दिसण्यासाठी नसतं: खरखरीत झिरकोनिया समोरचा दात झिजवतो.

पॉलिशिंगने काय साधतं त्याचं एक उदाहरण देतो. एक बाई माझ्याकडे आल्या त्या पुढच्या चार कॅप बदलायच्या ठरवूनच. कॅप कडेने आणि दोन दातांच्या मधे तपकिरी-काळ्या झाल्या होत्या. विचारल्यावर कळलं की हिरड्यांच्या ऑपरेशननंतर दिलेलं ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश त्यांनी थांबवलंच नव्हतं, चांगलं औषध म्हणून कित्येक महिने सकाळ-संध्याकाळ चालू होतं. क्लोरहेक्सिडीन जंतूंवर उत्तम काम करतं, पण चहा-कॉफीतल्या टॅनिनसारख्या रंगीत पदार्थांशी मिळून त्याचे तपकिरी डाग बसतात आणि ते साध्या ब्रशने निघत नाहीत. म्हणून हे औषध साधारण दोन आठवडेच वापरायचं असतं, डॉक्टरांनी मुद्दाम जास्त सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. त्यांचे डाग एका बैठकीत निघाले. त्या कॅप आजही त्यांच्या तोंडात आहेत.

आता तुमची कडेची तपकिरी रेष. माझ्या दृष्टीने तुमच्या तक्रारीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण इथे डाग आणि कीड यांची गल्लत होते. कॅप किंवा व्हेनियर जिथे संपतं आणि खरा दात सुरू होतो, तिथे ते चिकटवणाऱ्या सिमेंटची अगदी बारीक रेघ असते. दहा वर्षांत ती थोडी विरघळते किंवा झिजते, त्या फटीत रंग शिरतो आणि रेष दिसू लागते. डॉक्टर तिथे दोन गोष्टी बघतील. एक, तीक्ष्ण एक्सप्लोरर (तपासायचं टोकदार हत्यार) हळूच कडेवरून फिरवताना गुळगुळीत जातो की कुठे अडकतो. दुसरी, दाताचा छोटा एक्स-रे. रेष कोरडी, टणक, गुळगुळीत असेल आणि एक्स-रे स्वच्छ असेल तर तो नुसता डाग आहे. तो बारीक अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या डिस्कने किंवा फिनिशिंग स्ट्रिपने कमी करता येतो, किंवा तसाच ठेवून दर सहा महिन्यांनी बघत राहता येतं. मऊ लागत असेल, हत्यार अडकत असेल, तिथून हिरडीला रक्त येत असेल किंवा गार पाणी लागत असेल, तर आत कीड चालू झाली असण्याची शक्यता मोठी. अशा जागी वरून पॉलिश करून रेष पुसून टाकणं म्हणजे रोग लपवणं. मेटल-सिरॅमिक कॅप असेल तर धातूच्या आडची कीड एक्स-रेत दिसत नाही, फक्त कड दिसते. त्यामुळे तिथे हाताने तपासण्याला जास्त महत्त्व.

व्हेनियरची कड एखाद्याच ठिकाणी उघडली असेल आणि बाकी ते घट्ट असेल, तर सगळं व्हेनियर काढायची गरज नसते. रंग धरलेलं सिमेंट तेवढ्याच जागी बारीक बरने किंवा बारीक अॅल्युमिनाच्या फवाऱ्याने काढायचं, एनॅमलवर ३७ टक्के फॉस्फोरिक अॅसिड, पोर्सलिनच्या कडेवर सिलेन (पोर्सलिनला कंपोझिट धरून ठेवणारं द्रव्य), मग बाँडिंग आणि वर रंगाला जुळणारं कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरायचं रेझिन). टवका उडालेला असेल तर पोर्सलिन आधी हायड्रोफ्लोरिक अॅसिडने खरखरीत करावं लागतं. हे अॅसिड हिरडी आणि गाल जाळतं, त्यामुळे रबर डॅम, म्हणजे तो दात सोडून बाकी तोंड झाकणारा रबराचा पडदा, लावूनच वापरायचं. तुमच्या डॉक्टरांनी रबर डॅम लावला तर तो वेळखाऊपणा वाटून घेऊ नका. अशी डागडुजी काही वर्षं छान दिसते. कंपोझिट पोर्सलिनपेक्षा लवकर रंग धरतं, म्हणून ते अधूनमधून पॉलिश करावं लागेल, एवढं गृहीत धरून चला.

कडेची रेष तपकिरी नसून राखाडी-काळी असेल आणि ती कॅपवर, हिरडीला लागून असेल, तर तो डाग नाही. मेटल-सिरॅमिक कॅपच्या आत निकेल-क्रोमियमसारख्या धातूची टोपी असते आणि हिरडी थोडी मागे सरकली की तिची कड दिसू लागते. पातळ हिरडी असलेल्यांमध्ये हिरडी न सरकताही धातूची सावली आरपार दिसते. घासून, पॉलिश करून यातलं काहीही जात नाही. हसताना ओठ तिथपर्यंत वर जात नसेल तर ते तसंच सोडून द्यावं, असं माझं मत आहे. दिसत असेल आणि त्रास होत असेल तर कॅप बदलून धातूविरहित कॅप लावता येते. पण त्याआधी आत काय आहे ते बघायला हवं. रूट कॅनालनंतर दातात धातूचा पोस्ट (आधाराचा खुंटा) बसवलेला असेल, तर लिथियम डायसिलिकेट या अर्धपारदर्शक सिरॅमिकच्या कॅपमधून तो करडा दिसतो आणि नवी महागडी कॅपही काळपट वाटते. अशा वेळी धातू झाकणारी अपारदर्शक झिरकोनिया निवडावी लागते.

तिसरी तक्रार, एकच व्हेनियर काळपट. व्हेनियर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. त्याच्या मागचा दात आणि सिमेंट या दोघांचा रंग त्यातून येतो. एकच काळवंडलं असेल तर मला पहिली शंका मागच्या दाताची येते: त्याची नस मेली आहे का, किंवा पूर्वी रूट कॅनाल झालं होतं का, कधी त्या दाताला मार लागला होता का. दात गारव्याला प्रतिसाद देतो का ते तपासायचं आणि एक्स-रे काढायचा. नस मेलेली असेल तर रूट कॅनाल आधी. आणि इथे लोकांना फारसा माहीत नसलेला एक चांगला उपाय आहे: व्हेनियरला हात न लावता दात मागच्या, टाळूकडच्या बाजूने उघडायचा, रूट कॅनालच्या भरणीवर सिमेंटचा अडसर ठेवायचा आणि आत सोडियम परबोरेट भरून तात्पुरतं बंद करायचं. आठवड्याभराने बदलायचं. दात आतून उजळतो आणि त्याबरोबर व्हेनियरही उजळतं. थोडक्यात, पोर्सलिनवर निरुपयोगी असलेलं ब्लीचिंग इथे पाठीमागून कामाला येतं. तुमच्या काळपट व्हेनियरसाठी बदलण्याच्या आधी हा रस्ता जरूर विचारा.

दात जिवंत आणि निरोगी असेल तर संशय सिमेंटवर. दोन भाग मिसळून आपोआप घट्ट होणाऱ्या सिमेंटमध्ये अमाइन असतात आणि ते काळाने पिवळे-तपकिरी होतात; नुसत्या प्रकाशाने घट्ट होणारं सिमेंट व्हेनियरखाली जास्त टिकाऊ रंगाचं राहतं. सिमेंट बदलल्याशिवाय हा रंग जात नाही, म्हणजे व्हेनियर काढावं लागतं. ते बहुधा बरने कापूनच निघतं. एर्बियम लेझर असलेल्या दवाखान्यात काही वेळा ते अखंडही सोडवता येतं. व्हेनियरमध्ये केसासारखी बारीक चीर असेल आणि तिच्यात रंग शिरला असेल, तर तेही पॉलिशने जाणार नाही. दाताच्या मागून प्रकाश टाकला की चीर लगेच दिसते.

घरी काय करता येईल? मऊ ब्रश, जेलसारखी किंवा कमी खरखरीत टूथपेस्ट, दिवसातून दोनदा, आणि कॅपच्या कडेला फ्लॉस किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश. डाग कडेलाच बसतात, त्यामुळे दाताच्या मधोमध जोर काढण्यात अर्थ नाही. लिंबू-सोड्याचा उपाय करू नका: लिंबाच्या आम्लाने कॅपपेक्षा शेजारचं एनॅमल विरघळेल आणि नेमकी कडच उघडी पडेल. लोहाचं पातळ औषध चालू असेल तर ते स्ट्रॉने घ्या आणि लगेच चूळ भरा. आणि मशेरी. आपल्याकडे, विशेषतः घरातल्या मोठ्या बायकांमध्ये, सकाळी मशेरी लावल्याशिवाय दात स्वच्छ झाले असं वाटत नाही. भाजलेल्या तंबाखूची ही पूड ग्लेझ घासते, घासलेल्या जागी काळा रंग भरते आणि तंबाखू दिवसभर हिरडीशी ठेवते. मशेरी, तंबाखू-चुना, गुटखा किंवा कात घातलेलं पान चालू असेल तर मी पॉलिशिंग करतो, पण आधी सांगतो की काही महिन्यांत डाग परत येतील. डागापेक्षा मला गालाच्या आतल्या पांढऱ्या चट्ट्यांची आणि तोंड कमी उघडण्याची काळजी जास्त असते, म्हणून अशा प्रत्येक माणसाचा गाल आणि जीभ मी आधी बघतो. तुमच्या घरी कुणी असेल तर त्यांनाही तपासून घ्या.

एवढं सगळं करून चारपैकी एखादं बदलायचंच ठरलं, तर क्रम चुकवू नका. खरे दात उजळ करायचे असतील तर ब्लीचिंग आधी. ते संपल्यावर किमान दोन आठवडे थांबायचं, कारण तोवर दाताचा रंग स्थिर होत नाही आणि दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे सिमेंट नीट पकडत नाही. मग नव्या कॅपची शेड घ्यायची. शेड दिवसाच्या उजेडात, लिपस्टिक पुसून, आणि डॉक्टरांनी बरने दात कापायला घेण्यापूर्वी घ्यावी. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकतो आणि आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो. मधल्या दोन दातांपैकी एकच कॅप नवी करून दुसऱ्या दहा वर्षं जुन्या कॅपशी जुळवणं लॅबसाठी फार अवघड काम आहे. मधली जोडी बदलायची तर दोन्ही एकदम बदललेल्या बऱ्या. बाजूचं व्हेनियर एकटं बदललं तरी चालतं.

कॅप किंवा व्हेनियर पक्कं चिकटवण्याआधी ते ट्राय-इन पेस्टवर तात्पुरतं बसवून दाखवायला सांगा. खुर्चीवरच्या दिव्याखाली पाहून 'हो' म्हणू नका. उठून खिडकीपाशी जा, घरचं कुणी बरोबर असेल तर त्यांना दाखवा, बोलून आणि हसून बघा. एकदा सिमेंट घट्ट झालं की रंगात काहीही बदल करता येत नाही. त्याआधी मात्र लॅब कॅपवर रंग चढवून, पुन्हा भट्टीत घालून ती थोडी गडद करू शकते. फिकी करणं जवळपास शक्य नसतं. म्हणून दोन शेडमध्ये ठरत नसेल तर फिकी शेड मागवायला सांगा.